रिबिनीखालचं नाव

सोनियाचा उजवा हात साडेतीन लाख लोकांनी बघितला होता. तिचं तोंड त्यातल्या एकानंही बघितलं नव्हतं.

मोबाईलच्या पडद्यावर तो हात दिसायचा तो कोपराच्या अलीकडंपर्यंत. नखं गुलाबी, बोटात हिऱ्याची अंगठी. दोन बोटांच्या चिमटीत साटीनची रिबीन धरून हात ती मेणबत्तीच्या जाळावरून अशी सर्रकन न्यायचा, की कड वितळून बसावी, पण काळी पडू नये. मग पाकळीला पाकळी, धावदोरा, दोरा ओढला की फूल. मागून गोड आवाज यायचा, "हाय मैत्रिणींनो, मी शिवांजली. आज आपण घरच्या घरी केसांसाठी रिबिनीचा गुलाब बनवूया. स्वतः बनवा, स्वतः घाला."

हात एकीचे, आवाज दुसरीचा. नखांचा रंगही दुसरीचा आणि अंगठीही. दोघींचे हात एकच वाटावेत म्हणून शिवांजली आधी सोनियाची नखं रंगवायची, स्वतःची अंगठी तिच्या बोटात घालायची. चित्रीकरण संपलं की तळहात पुढं करायची. सोनियानं अंगठी काढून त्यावर ठेवायची. रंग तेवढा तिच्याकडं राहायचा. तो घेऊन ती घरी जाऊन भांडी घासायची.

घर म्हणजे वाईच्या बाहेर बागायतदार आप्पासोंच्या उसाला लागून पत्र्याच्या चार खोल्या होत्या, त्यातली कडेची. सोनियाचा नवरा सूरज आप्पासोंचा ट्रॅक्टर चालवायचा, म्हणून ती खोली मिळालेली. शिवांजली ही आप्पासोंची धाकटी सून. नवरा फौजेत अधिकारी, लांब पंजाबात. बंगल्यात माणसं भरपूर, काम करायला बाया भरपूर, मग वेळ घालवायला रिबिनी. तिनं वेळ घालवला याबद्दल सोनियाचं काही म्हणणं नव्हतं. ज्याच्याकडं वेळ आहे त्यानं तो घालवावा. तिचं डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीनं, आणि ती गोष्ट तिच्या हातावर चौतीस वर्षांच्या आयुष्यातली अठ्ठावीस वर्षं हिरव्या शाईत लिहिलेली होती.

सोनिया जन्मली कवठे महांकाळ तालुक्यातल्या तळीवाडीत. वाढली मात्र मेंढरांमागं. तिचा बाप धुळा, त्याला ती आबा म्हणायची. दिवाळी सरली की आबा मेंढरं, घोडं आणि सगळा संसार घेऊन कोयनेच्या खोऱ्यातून खाली कोकणाकडं उतरायचा आणि पावसाच्या तोंडावर परत वर चढायचा. जिथं रात्री मेंढरं बसतील तिथं वाडा. सकाळी वाडा मोडायचा, पुढं जायचं.

सहा वर्षांची असताना पाटणच्या आठवडी बाजारात ती हरवली. एका चहाच्या हॉटेलवाल्यानं तिला बाकावर बसवून घेतलं.

"नाव काय गं तुझं?"

"सोनिया."

"गाव कुठलं?"

"वाडा."

"अगं, कुठल्या गावात वाडा?"

"रोज येगळ्या."

हॉटेलात हशा झाला. दिवस कलायला लागल्यावर आबा शोधत आला, घोंगडं खांद्यावर. पोरगी त्याच्या पायाला मिठी मारून बसली, तरी हॉटेलवाला म्हणाला, "तुझीच हाय कशावरनं? कागद हाय का काय?" आबाजवळ कागद कुठला असायला. दोन शहाणे गोळा झाले, चार झाले. धनगर पोरं पळवतात असंही एकानं म्हणून घेतलं. शेवटी बाजारातल्या एका ओळखीच्या लोकर-व्यापाऱ्यानं येऊन सांगितलं तेव्हा बापाला त्याची पोर मिळाली.

त्या चैत्रात बिरोबाच्या जत्रेपुरतं गावाकडं येऊन आबानं तिला गोंदणवाल्यासमोर बसवलं. गोंदणवाला म्हणाला, विंचू काढू का तुळस? आबा म्हणाला, "नाव काढ. पोरीचं, माझं आन गावाचं." मशीन घरघरलं. पोरीनं जत्रा डोक्यावर घेतली. उजव्या हाताच्या वरच्या अंगाला, मनगटाच्या जरा वर, दोन ओळी उमटल्या. सोनिया धुळा. खाली, तळीवाडी. आबाला अक्षर येत नव्हतं. त्यानं जत्रेतल्या तीन वेगवेगळ्या माणसांकडून ते वाचून घेतलं, तिघांनीही तेच वाचलं, तेव्हा कुठं पैसे दिले. पण त्या दिवसापासून त्या दोन ओळी तो ओळखायचा. शंभर मेंढरांतली आपली मेंढी ओळखावी तशा.

हात वाढला तशी अक्षरंही वाढली. थोडी पसरली, थोडी फिकी झाली. पण कुणालाही वाचता यावीत अशी राहिली.

दुसरी एक गोष्ट आबानं तिच्या हातात घातली, ती गोफाची. कोकरं बांधायला दावी लागते. लोकरीचे पाच पदर घ्यायचे, टोक बसताना पायाच्या अंगठ्यात, चालताना कमरेला अडकवायचं आणि विणत राहायचं. कडेचा पदर दोनांवरून घ्यायचा, एकाखालून काढायचा. विणलेली दावी चपटी येते, कोकराच्या गळ्याला रुतत नाही, आणि कितीही हिसका दिला तरी सुटत नाही. सोनियाला आठव्या वर्षी डोळे मिटून विणता यायचं.

लग्न झालं, मेंढरं सुटली, वाई आली, हातातली लोकर गेली. मग हातात आली रिबीन. पोरगी ईश्वरी शाळेत जायला लागली तेव्हा दोन वेण्यांना लाल रिबिनी लागायच्या. दुकानातून आणलेली रिबीन उरायची. उरलेल्या रिबिनीचं सोनिया काहीतरी करत बसायची. आधी एक फूल, मग केसाचा चिमटा, मग कपाळपट्टी. वर्गातल्या पोरी ईश्वरीला विचारायला लागल्या, कुठनं आणलंस? शाळेच्या संमेलनात नाचणाऱ्या अकरा पोरींच्या डोक्यात सोनियाचे गुलाब होते. पाहुण्या म्हणून शिवांजली आली होती. तिनं विचारलं, हे कुणी केलं?

तिथून बंगल्यावरचं बोलावणं सुरू झालं.

शिवांजलीनं आधी स्वतः करून बघितलं, हे कबूल केलं पाहिजे. तिची रिबीन जळाली, मग बोट भाजलं. मग ती म्हणाली, "असं करू सोनिया, हात तुझे घेऊ. बोलते मी. तुला कॅमेऱ्यासमोर बोलायला लाज वाटेल ना?"

लाज वाटेल का, हे सोनियाला कुणी विचारलं नाही. वाटेल असं ठरवून टाकलं.

पहिल्याच दिवशी अडचण आली. पडद्यावर हात दिसला आणि हातावर नाव दिसलं.

"हे काय गं? जाईल का हे?" शिवांजलीनं बोटानं घासून बघितलं.

"गोंदण हाय वहिनी. जातंय कुठं."

"नाही म्हणजे, वाईट नाहीये. पण ते नाव कसं दिसतं ना... लोक गोंधळतील."

मग तोंडाला लावायचा रंग आणून हातावर थापला. रंगाखालून अक्षरं हिरवी हिरवी वर यायची. मग लांब बाह्यांचा ब्लाऊज. तर बाही मेणबत्तीजवळ जायची, ती पेटली असती. शेवटी शिवांजली वैतागून म्हणाली, "काहीतरी बांध बाई त्यावर. काहीही."

समोर डाळिंबी रिबिनीचे तुकडे पडले होते. सोनियानं पाच उचलले, टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं आणि बंगल्याच्या गुळगुळीत फरशीवर बसून कोकराची दावी विणली. चार बोटं रुंद. कड जाळून बसवली, हुक शिवला, हाताला बांधली. नाव गेलं.

याचा तिला पुढं सगळ्यात जास्त राग आला. दुसऱ्या कुणी झाकलं असतं तर त्याच्या नावानं बोटं मोडता आली असती. हे तिनं स्वतः विणलं होतं, चांगलं विणलं होतं, आणि विणताना तिला त्याचं काही वाटलंही नव्हतं.

व्हिडिओ गुलाबाचा होता. पण गुलाबाबद्दल फारसं कुणी काही विचारलं नाही. खाली लोकांनी लिहिलं, ताई, हातातलं कडं कुठून घेतलं? ताई, ते कडं शिकवा. ताई, तुमचे हात किती सुंदर आहेत. शिवांजली प्रत्येकीला उत्तर लिहायची, थँक्यू डिअर. सोनियाला वाचून दाखवायची सुद्धा, "बघ, माझ्या हातांचं कौतुक चाललंय," आणि हसायची. त्यात काही चुकतंय हे तिच्या गावीही नव्हतं.

मग कड्याचा व्हिडिओ आला. तोच साडेतीन लाखांचा. हातात एक कडं बांधलेलं, आणि तेच हात दुसरं कडं विणतायत. आवाज नंतर भरायचे, त्यामुळं काय बोललं जातं हे सोनियाला माहीत नसायचं. ते ईश्वरीनं शेजारणीच्या मोबाईलवर ऐकलं आणि पळत आली.

"आये, इटालियन म्हंजे काय?"

"का गं?"

"वहिनी म्हणत्यात, ही इटालियन वीण हाय. त्या पुण्यात शिकल्यात म्हणं."

सोनिया भाकरी थापत होती. तिनं व्हिडिओ एकदा ऐकला. परत लावायला सांगितला. भाकरी तव्यावर करपली.

"इटालियन म्हंजे तुझा आज्जा," ती म्हणाली. "तळीवाडीचा इटालियन."

संध्याकाळी ती बंगल्यावर गेली. मागच्या दारानं जायची, त्या दिवशी पुढच्या दारानं गेली. आप्पासो ओसरीवर पेपर वाचत होते. "काय गं पोरी?" म्हणाले. ती "वहिनींकडं काम हाय" म्हणून आत शिरली.

"वहिनी, इटालियन कुठनं काढलं तुमी?"

शिवांजली हसली. "अगं, सांगावं लागतं तसं. कोकराची दावी म्हटलं तर कोण बांधेल हातात?"

"मी बांधलीया न्हवं."

"तुझं वेगळं."

"काय येगळं?"

आता शिवांजली जरा सावरून बसली. ती वाईट बोलणारी नव्हती. चढा आवाज तिला कुणी कधी लावला नव्हता, आणि त्यावर काय करायचं असतं हे तिला शिकवलेलं नव्हतं. "हे बघ सोनिया, मी काही तुझं हिरावून घेतलेलं नाही. चार लोकांपुढं आणलं कुणी? मीच ना? पुढच्या महिन्यात सांगलीला कार्यक्रम आहे. हस्तकलेचा सन्मान आहे, त्याच कड्यासाठी. दोनशे बायका असतील. तिथं प्रात्यक्षिक तू करायचंस. मी स्टेजवरून तुझं नाव घेते. सगळ्यांसमोर. झालं?"

"नक्की घेणार?"

"अगं, नक्की."

"इसरणार न्हाई न्हवं?"

"किती वेळा विचारशील? सांगली तुझ्या माहेराला जवळ ना? वडिलांना पण बोलव तुझ्या."

दोनदा विचारलं होतं, दोनदा होकार आला होता. सोनिया परत आली ती चालच बदलून आली. सूरजला सांगितलं तर त्यानं कपाळाला हात लावला.

"पुढच्या दारानं गेलीस?"

"दारच हाय ते. वाघाची गुहा न्हाई."

"तुला काय व्हतंय बोलायला. आप्पासोंच्या मनात आलं तर उद्या खोली खाली करायला लावत्याल. रिबीन ती रिबीन, नाव कुणाचं बी का असंना. तू काय तिथं जमीन लावून घ्यायलीस नावावर?"

"जमीन तुमच्या आप्पासोंस्नी लखलाभ. मला माझं नाव पायजे."

"लय शानी झालीस."

"व्हय. उशिरा झाले."

तिनं तळीवाडीला फोन लावला. आबा आता सत्तरीच्या पुढं गेला होता, मेंढरं भाच्याकडं होती, गुडघे गेले होते. "आबा, सांगलीला या. माझं नाव घेणार हायत." पलीकडून काठी उचलल्याचा आवाज आला. मग आबा म्हणाला, "कुठली यष्टी धरू?"

कार्यक्रमाच्या दिवशी सांगलीच्या त्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. नटून-थटून बायका आलेल्या, आणि त्यातल्या कितीतरींच्या मनगटात कडं. जांभळं, मोरपंखी, सोनेरी काठाचं. व्हिडिओ बघून घरी केलेली. काहींची वीण सैल, काहींनी चारच पदर घेतलेले, पण बायकांनी स्वतःच्या हातानं केलं होतं आणि मिरवत होत्या. सोनियाला बघून बरं वाटलं. इतकी कोकरं एकदम बांधलेली तिनं आयुष्यात बघितली नव्हती.

दारात मात्र गडबड चालली होती. आबा काठी आणि घोंगडं घेऊन उभा, आणि साडीला बिल्ला लावलेली एक कार्यकर्ती त्याला आत सोडत नव्हती.

"आजोबा, महिलांचा कार्यक्रम आहे."

"लेकीचा हाय माझ्या."

"नाव काय लेकीचं?"

"सोनिया."

तिनं कागदावरून बोट फिरवलं. "असं कुणी नाहीये यादीत."

सोनिया पळत पोचली. "बाई, मीच ती. मी दावायला बसणार हाय स्टेजवर." कार्यकर्तीनं परत कागद बघितला आणि चेहरा उजळला. "हां, हां. सत्कारमूर्ती सौ. शिवांजली, आणि इथं बघा, 'व सहायक'. तुम्ही सहायक का? मग असं सांगायचं ना. आजोबा, मागं बसा हं, आणि घोंगडं जरा आवरून घ्या."

आबा म्हणाला, "काय म्हणली गं ती?"

"काय न्हाई. बसा तुमी. नाव स्टेजवरनं घेणार हायत."

हे ती आबाला सांगत होती की स्वतःला, कोण जाणे.

स्टेजच्या एका कडेला बुटकं टेबल मांडलं होतं. वरून खाली बघणारा कॅमेरा आणि मागं भिंतभर पडदा. टेबलासमोर झेंडूनं सजवलेली कार्यक्रमाच्या नावाची पाटी अशी उभी केली होती की मागं बसलेल्या माणसाचं डोकंही दिसू नये. शिवांजली घाईघाईनं येऊन अंगठी घालून गेली. "नुसते हात दिसले पाहिजेत. आणि कडं घट्ट आहे ना?"

"वहिनी, नाव..."

"अगं हो गं."

नारळ फुटला, दिवा लागला, सत्कार झाला. शिवांजली माईकपुढं उभी राहिली. छान बोलली. लहानपणापासूनची आवड सांगितली. सासऱ्यांचे आभार मानले, सासूबाईंचे मानले. सीमेवर असलेल्या नवऱ्याचे मानले तेव्हा टाळ्या पडल्या. रिबिनी पुरवणाऱ्या दुकानदाराचे मानले. कॅमेरा धरणाऱ्या दिराचे मानले. पाटीमागं सोनिया एकेक आभार ऐकत होती आणि पाचही पदर हातात धरून बसली होती. आता येईल. आता पुढचं माझंच.

"तर मैत्रिणींनो," शिवांजली म्हणाली, "वळूया आपल्या इटालियन कड्याकडं."

पडद्यावर ते हात उमटले, माणसाएवढे. त्यांनी विणायला सुरुवात केली. कडेचा पदर दोनांवरून, एकाखालून. शिवांजली वर्णन करत होती. पुण्यातल्या वर्कशॉपचं सांगत होती. वीण दोन बोटं झाली, तीन झाली.

आणि हात थांबले.

शिवांजलीनं मागं वळून पडद्याकडं बघितलं. हलले नाहीत. मग ती माईकमध्ये खळखळून हसली, "आमचे हात जरा दमले वाटतं."

दोनशे बायका हसल्या. पाटणच्या त्या हॉटेलात हसले होते तसंच. आमचे हात. ट्रॅक्टर आमचा, ऊस आमचा, पत्र्याच्या खोल्या आमच्या, आणि आता मनगटापासूनचं हे मांसही आमचं.

सोनियानं डाव्या हाताच्या अंगठ्यानं हुक काढला. डाळिंबी कडं टेबलावर पडलं. हात तिनं कॅमेऱ्याखाली तसाच सरळ ठेवला, मूठ उघडी, हलू न देता.

पडद्यावर हिरवी अक्षरं आली. पुढच्या रांगेतल्या चष्मा लावलेल्या बाईंनी आपण शाळेत फळा वाचतो तसं मोठ्यानं वाचलं, "सोनिया धुळा. तळीवाडी." शेजारच्या दोघींनी वाचलं. मग रांगांमागून रांगा वाचत गेल्या. कुजबूज सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचली आणि तिथं काठी आपटल्याचा आवाज आला.

आबा उभा राहिला होता. त्याला काय वाचलं जातंय हे कळायची गरजच नव्हती. त्यानं पडद्याकडं बोट केलं. "त्ये माझ्या लेकीचं हाय," तो म्हणाला. मेंढरांमागं आयुष्य गेलेल्या माणसाचा आवाज, त्याला माईक लागत नाही. "बाजारात हरवली हुती, तवा गोंदलंय. परत कुनी कागद मागाय नगं म्हणून."

शिवांजली हुशार होती. तिनं लगेच माईक सावरला. "हो, हो, सांगायचं राहिलंच. ही आमची सोनियाताई. माझ्या मदतीला असते नेहमी."

तीन वर्षांत पहिल्यांदा ताई झाली ती. सोनिया पाटीमागून उठली. झेंडूची पाटी पायानं बाजूला सारली, लाथ मारली असं काहीजणी म्हणतात, पण तेवढी गरजच पडली नाही. अर्धं विणलेलं कडं तिनं टेबलावरून उचललं आणि पाचही पदर शिवांजलीच्या हातात दिले.

"मदतीला न्हाई वहिनी. हे घ्या. पुढचा पदर कुठला उचलायचा, एवढंच दावा ह्यास्नी. मी घरला जाते."

शिवांजली पदरांकडं बघत राहिली. एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला. माईकमधून तिचा श्वास ऐकू येत होता. सोनियाला एका क्षणी तिची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखीनच राग आला. तिनं मदत केली नाही.

"हे इटालियन न्हाई," ती सभागृहाला म्हणाली. "कोकराची दावी हाय. पाच पदरी गोफ. आमच्या आबानं शिकवलाय, त्ये मागं उभं हायत. त्यास्नी तुमी दारात आडवलं हुतं."

आता सगळ्या बायका उठून तिच्यामागं उभ्या राहिल्या असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. मागच्या रांगांतून टाळ्या आल्या, पुढच्या रांगांतून आल्या नाहीत. एक आयोजक बाई शिस्तीबद्दल बोलायला लागल्या. सोनेरी काठाचं कडं घातलेल्या एकीनं, कोकराची दावी हे शब्द कानावर पडताच, ते हळूच काढून पर्समध्ये टाकलं. चष्म्याच्या बाई मात्र उठून सरळ टेबलापाशी आल्या आणि स्वतःचं मनगट पुढं करून म्हणाल्या, "माझं इथं उसवतंय. काय चुकलं बघा हो सोनियाबाई."

सोनियानं बघितलं. "चारच पदर घेतल्यात तुमी. पाचवा घाला."

टेबलावरचं डाळिंबी कडं उचलून ती बाहेर पडली, तेव्हा पायऱ्यांवर शिवांजलीनं तिला गाठलं. गाडी दारात लागली होती. तिचे डोळे लाल होते. "मला आधी सांगायचंस ना सोनिया. असं चारचौघांत..."

"दोन येळा सांगितलं. बंगल्यात."

शिवांजलीचा तळहात सवयीनं पुढं आला. तिला स्वतःलाही ते कळलं असावं, कारण हात अर्ध्यात थांबला. पण सोनियानं अंगठी काढली आणि त्या तळहातावर ठेवली.

"नखांवर रंग ऱ्हायलाय तुमचा. खरवडून पाठवून देते."

बसस्थानकावर कवठे महांकाळच्या गाडीला वेळ होता. वाईला आज परत जायचं नाही, हे तिनं पायऱ्या उतरतानाच ठरवलं होतं. बाकावर आबा शेजारी बसला. त्यानं तिच्या हातातलं डाळिंबी कडं मागून घेतलं, ताणून बघितलं, उलटं करून बघितलं. नाव झाकायला विणलेलं ते पहिलं कडं.

"तिसरा पदर ढिला सोडलायस," तो म्हणाला. "कोकरू सुटलं असतं."

"आबा, आज तरी गप बसा."

"मी आपलं सांगितलं."

फोन वाजला. सूरज होता. आवाज रडवेला. आप्पासोंना सांगलीहून फोन आला होता, आप्पासो खोलीपाशी येऊन गेले होते. आठ दिवसांत खाली करा म्हणाले. नुसतं एवढंच म्हणाले, ओरडलेही नाहीत. "आता काय करायचं सांग. कुठं जायाचं? ईश्वरीची शाळा हाय. तुझं नाव झालं, आमचं काय?"

हा प्रश्न खोटा नव्हता.

"आठ दिस हायत न्हवं? उद्या येते. भांडी बांधा, अंथरुणं बांधा," ती म्हणाली. "माझ्या रिबिनीच्या पेटीला हात लावू नका. ती मी बांधणार."

फोन ठेवून तिनं आबाच्या हातातून कडं ओढून घेतलं. दातानं टोकाचा टाका तोडला आणि सगळी वीण उसवली. पाच पदर मोकळे झाले. चप्पल काढली, टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं आणि नव्यानं विणायला घेतलं, तिसरा पदर घट्ट ओढून.

पलीकडच्या बाकावरची एक म्हातारी बराच वेळ तिच्या हाताकडं बघत होती. गोंदण वाचत होती की वीण, ते कळेना.

"गाव कुठलं गं बाई तुझं?" तिनं शेवटी विचारलं.

"लिवलंय की," सोनिया म्हणाली, आणि विणता विणताच हात तिच्यापुढं धरला.